हमालाची महत्त्वाकांक्षा

स्वारगेटहून सातारा रस्त्यानं निघून मार्केट यार्डाकडे वळलं की दिवाळीच्या दिवसांत दोन गोष्टी हमखास दिसतात. झेंडूनं गच्च भरलेले टेम्पो आणि शुभेच्छांचे फ्लेक्स. फ्लेक्सवरच्या नावाआधी ‘भावी’ हे विशेषण असतं. भावी नगरसेवक, भावी आमदार. वर्तमानपत्रात हीच मंडळी ‘इच्छुक’ होतात, तिकीट मिळालं की ‘उमेदवार’ आणि निवडून आली की एखाद्या ‘महत्त्वाकांक्षी’ प्रकल्पाची घोषणा करतात. इंग्रजीत ज्याला ‘ॲस्पायरिंग’ किंवा ‘ॲस्पिरेशनल’ म्हणतात, त्या एका विशेषणाची मराठीतली ही सगळी भावंडं. कुठलं कुणाला लावायचं, हे न शिकवताही आपल्याला कळतं. मेट्रो महत्त्वाकांक्षी असते, रिंगरोड महत्त्वाकांक्षी असतो. बेताच्या परिस्थितीतला हुशार मुलगा ‘गरीब व होतकरू’ असतो, म्हणजे त्याला शिष्यवृत्ती मिळू शकते. पण त्याच यार्डाच्या फाटकातून पहाटेपासून पाठीवर पोतं घेऊन आत-बाहेर करणाऱ्या माणसाला यातलं एकही विशेषण कुणी लावत नाही. त्याच्यासाठी आपण ‘कष्टकरी’ हा शब्द राखून ठेवला आहे. शब्द मानाचा आहे, पण तो त्या माणसाचं आज सांगतो. त्याला उद्या काय हवं आहे, हे त्यात कुठेच येत नाही.

गेल्या सत्तर वर्षांत पुण्याच्या बाजारपेठेत सगळ्यांत मोठी महत्त्वाकांक्षा कुणी बाळगली असेल, तर ती हमालांनी, असं माझं ठाम मत आहे. त्याची कारणं या लेखात मांडतो आहे.

आधी उमेदवाराकडे पाहू. हा शब्द फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. निवडणुका येण्याच्या कितीतरी आधी तो मराठीत रुळला होता आणि तेव्हा त्याचा मतपेटीशी काही संबंध नव्हता. कचेरीत किंवा पेढीवर बिनपगारी, नाहीतर जुजबी पगारावर राबायचं, काम शिकायचं आणि कधीतरी जागा रिकामी होईल म्हणून वाट बघायची, असा तो माणूस. इंग्रजी अमलात हा शब्द साहेबांच्या कानावर इतका पडायचा, की १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन कोशातही त्याची नोंद झाली. मार्केट यार्डात हा जुना अर्थ अजून जिवंत आहे. भुसार विभागातल्या पेढ्यांच्या गोष्टी जुन्या माणसांकडून ऐकल्या, तर त्यांतल्या कितीतरी गोष्टींची सुरुवात उमेदवारीनं होते. मूळ पुरुष गावाहून आला, कुणाच्या तरी गाळ्यावर राहिला. झाडलोट केली, नमुन्याच्या पुड्या बांधल्या, वसुलीला फिरला, पट्ट्या लिहायला शिकला, हातात धान्य घेऊन ओल किती आणि माल कुठला हे सांगू लागला. मग मालकानं दोन आणे भागी दिली, मग स्वतःचा परवाना झाला, मग गाळा. ही शिडी चढायला वीस-पंचवीस वर्षं लागत, पण ती होती.

त्याच गाळ्यापुढे उभ्या असलेल्या हमालाला मात्र ही शिडी नव्हती. त्याच्या कामात उमेदवारीच नाही. पहिल्या दिवशी जे पोतं उचलायचं, तेच तिसाव्या वर्षी. पहिल्या दिवशीचा दर तोच, थप्पी तीच. तीस वर्षांत बदलायची ती फक्त पाठ. मुकादम झाला तर झाला. पण एका टोळीत मुकादम एकच असतो. ज्या कामात वर चढायला पायरीच नाही, त्या कामातल्या माणसानं आकांक्षा धरायची म्हणजे नेमकं काय करायचं?

एक उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे : इथून सुटायचं. आपण नाही तर पोरानं सुटायचं. ‘माझ्या पाठीवर आलं ते पोराच्या पाठीवर नको’ हे यार्डात कुठल्याही टोळीत ऐकायला मिळेल. इंग्रजीतलं ते विशेषण आज जिथे-जिथे वापरतात, तिथे हाच अर्थ गृहीत असतो. ‘ॲस्पिरेशनल क्लास’ म्हणजे आहे तिथून वर सरकू पाहणारा, दुचाकीवरून चारचाकीवर जाऊ पाहणारा वर्ग. जाहिरातवाले त्याच्यावर डोळा ठेवून असतात. सरकारनंही तो शब्द उचलला. जानेवारी २०१८मध्ये केंद्रानं मागास जिल्ह्यांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. मागास म्हणायचं नाही म्हणून त्यांना ‘ॲस्पिरेशनल’ म्हटलं. देशभरात असे ११२ जिल्हे, त्यांत महाराष्ट्रातले चार : नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. हिंदीत त्यांना ‘आकांक्षी’ म्हणतात. मराठी सरकारी कागदांवर ते ‘आकांक्षित’ झाले. संस्कृताच्या हिशेबानं आकांक्षी म्हणजे इच्छा करणारा आणि आकांक्षित म्हणजे ज्याची इच्छा केली तो. धाराशिवचा माणूस मात्र कोरडं साल आलं की घराला कुलूप लावून पुण्याची वाट धरतो. १९७२च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, नगर या भागांतून पुण्यात जे लोंढे आले, त्यांतली कितीतरी माणसं नाना पेठ, भवानी पेठेच्या बाजारात पोत्याखाली उभी राहिली.

तेव्हा घाऊक बाजार पेठांमध्येच होता. भाजीपाल्यासाठी मंडई, १८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून उघडलेली आणि पुढे महात्मा फुल्यांचं नाव लाभलेली. किराणा-भुसारासाठी नाना आणि भवानी पेठ. अरुंद बोळ, बैलगाड्या, ट्रक आणि त्यांतून वाट काढणारे हमाल. शहराला हा पसारा पेलेना, तसा तो टप्प्याटप्प्यानं गुलटेकडीला आला आणि श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड उभं राहिलं. फळं, भाजी, कांदा-बटाटा, फुलं, गूळ, भुसार, असे एकेक विभाग. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी त्यांतला एकेक जागा असतो. भाजीची आवक रात्रीपासून सुरू होते, भुसाराचं काम दिवसा चालतं. बार्शी-जामखेडकडची मालदांडी ज्वारी, लातूर-कलबुर्गीची तूर, कराड-कोल्हापूरचा गूळ, असं सगळं इथे उतरतं. आणि उतरतं म्हणजे आपोआप उतरत नाही.

ते कसं उतरतं, हे एकदा जवळून पाहायला हवं. ट्रकचं फाळकं खाली पडतं. दोघं जण वर, थप्पीपाशी. खाली हमाल ट्रकला पाठ लावून, किंचित वाकून उभा. डोक्यावरून पाठीवर आलेलं गोणपाट, कमरेला गुंडाळलेलं उपरणं, हातात लोखंडी आकडा. वरचे दोघं पोत्याचे कान धरून ते त्याच्या पाठीवर सोडतात. ते सोडणं महत्त्वाचं. जोडीदार कसलेले असतील, तर पोतं मानेच्या खाली, खांद्याच्या फऱ्यांवर येऊन बसतं. नवखे असतील, तर बोटभर इकडेतिकडे पडतं आणि मणक्याला हिसका बसतो. पोतं बसताना हमाल श्वास रोखतो आणि पहिलं पाऊल टाकताना सोडतो. मग मान खाली, नजर पुढच्या चार हातांवर, आणि छोटी, भरभर पावलं. पाऊल लांब टाकलं, तर तोल जातो. गाळ्यात पोचल्यावर थप्पीच्या कडेला पाठ टेकवून, एका खांद्यानं ढकलून पोतं अंगावरून उतरवायचं आणि आकड्यानं ओढून ओळीत बसवायचं. थप्पी वाकडी झाली, तर सगळी ढासळते.

‘ॲस्पायर’ या क्रियापदाचा लॅटिनमधला मूळ अर्थ श्वास सोडणं, एखाद्या दिशेनं फुंकर घालणं असा आहे. आपल्या ख, घ, छ या महाप्राण व्यंजनांना इंग्रजीत ‘ॲस्पिरेटेड’ म्हणतात ते त्याच धातूवरून. हमालाच्या कामात श्वासाचं जे महत्त्व आहे, ते पाहिल्यावर माझ्यासाठी ही व्युत्पत्ती नुसती कोशातली राहत नाही.

आता हे पोतं किती किलोचं? आज धान्याचं पोतं बहुतेक पन्नास किलोचं असतं. एका पिढीपूर्वी ते शंभर किलोचं होतं. भाव क्विंटलला, म्हणून पोतंही क्विंटलचं; व्यापाराच्या हिशेबाला सोपं. ज्याच्या पाठीवर ते येणार, त्याचं स्वतःचं वजन पन्नास-पंचावन्न किलो. आपल्या जवळजवळ दुप्पट वजन पाठीवर घेऊन तो दिवसभर चालायचा. हे असंच असतं, असंच असायला हवं, हा बाजाराचा समज होता, आणि पुष्कळ वर्षं खुद्द हमालांचाही. जड पोतं उचलणं ही मर्दुमकी मानली जायची.

पोत्याचं वजन निम्मं करा, ही मागणी ज्यांनी केली त्यांच्या धाडसाची आज कल्पना येत नाही. हिशेब करून पाहा. वीस टनांचा ट्रक आणि आठ जणांची टोळी धरली, तर शंभर किलोची दोनशे पोती, माणशी पंचवीस. पन्नास किलोची केली, तर चारशे, माणशी पन्नास. एकूण ओझं तेवढंच, अडीच टन. खेपा मात्र दुप्पट. त्यात मजुरी पोत्यामागे मिळणार. पोतं निम्मं झालं आणि दरही निम्मा झाला, तर हमालाच्या हातात काय आलं? व्यापारी विचारणार, बारदान दुप्पट लागेल त्याचं काय? तरीही ती मागणी झाली आणि लावून धरली गेली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ साली हाताने उचलायच्या ओझ्याबद्दल एक करार आणि त्याच्या जोडीला शिफारस मंजूर केली होती. प्रौढ पुरुष कामगारासाठी पंचावन्न किलो ही मर्यादा त्या शिफारशीत आहे. भारतानं तो करार मान्य केला तो थेट २०१० साली. पण जीनिव्हात ठरलेला तो आकडा त्याआधीच पुण्यातल्या हमालांच्या सभांतून बोलला जाऊ लागला. जगातल्या कुठल्यातरी सभागृहानं आपल्या पाठीचा विचार केला आहे आणि त्याचा दाखला देऊन आपल्याला मागता येतं, ही जाणीवच मोठी होती.

ती जाणीव बाजारात आणण्याचं काम डॉ. बाबा आढाव आणि हमाल पंचायतीनं केलं. बाबा आयुर्वेदाचे डॉक्टर. नाना पेठेत त्यांचा दवाखाना होता आणि बाजार दाराशीच असल्यानं रोगी म्हणून हमाल येत. पाठ धरलेली, गुडघे सुजलेले, छातीत दुखणारे. औषध देऊन माणूस परत त्याच पोत्याखाली जाणार असेल, तर दुखणं कुठलं आणि उपचार कशावर करायचा, हा प्रश्न डॉक्टरला पडला आणि १९५०च्या दशकाच्या मध्यात हमालांची संघटना उभी राहिली. तिचं नाव ‘युनियन’ न ठेवता ‘पंचायत’ ठेवलं गेलं. मला हे फार नेमकं वाटतं. गाव सोडून आलेल्या माणसाला पंच, पंचायत, बैठक हे सगळं माहीत होतं. फक्त गावच्या पंचायतीत त्याला बसायला जागा नव्हती. इथे ती त्याचीच होती. याच बाबांनी पुढे सत्तरच्या दशकात ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ महाराष्ट्रभर नेली. पाठीवरचं ओझं आणि पाणवठ्यावरचा विटाळ त्यांना एकाच दुखण्याची दोन लक्षणं वाटत असावीत, असं त्या दोन्ही कामांकडे पाहून मला वाटतं.

संघटनेनं पहिल्यांदा मागितलं ते साधंच. दर ठरवून द्या, रोजच्या रोज चोख द्या, अरेतुरे करू नका. पण त्यामागे एक मोठी अडचण होती, ती समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. हमालाचा मालक कोण? गाळेवाला म्हणतो, मी याला नोकरीवर ठेवलेला नाही. ट्रक आला की उतरवतो, पैसे घेतो, जातो. ट्रकवाला म्हणतो, माझा काय संबंध? शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली कापली जाते, म्हणजे मजुरी देतो शेतकरी, पण तो तर शंभर कोसांवर. सकाळी एका गाळ्याचं काम, दुपारी दुसऱ्याचं. ज्या माणसाला पन्नास मालक, त्याला मालकच नाही. आणि मालक नाही, तर भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, रजा नाही, अपघाताची भरपाई नाही. आपले सगळे कामगार कायदे ‘एक मालक, एक नोकर’ हे धरून लिहिलेले. हमाल त्या चौकटीच्या बाहेर राहिला.

यातून जो मार्ग निघाला, त्याला मी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं केलेल्या सर्वांत कल्पक कामांपैकी एक मानतो. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची, म्हणजे माथ्यावर ओझं वाहणाऱ्यांची, मोठी संघटना बांधली होती, पुण्यात बाबा आढाव होते, आणि या सगळ्या रेट्यातून १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याची युक्ती अशी : मालक कोण हे शोधत बसू नका. एक मंडळ स्थापन करा. त्यात कामगारांचे, मालकांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. ज्याला हमालाकडून काम करून घ्यायचं, त्या प्रत्येक गाळेवाल्यानं मंडळात नाव नोंदवायचं, हमालानंही नोंदवायचं. मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही. ही लेव्ही मंडळागणिक बदलते. साधारण मजुरीच्या एक तृतीयांशाच्या आसपास असते. तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, बोनस, दवाखाना. हमाल सकाळी एकाकडे आणि दुपारी दुसऱ्याकडे राबला, तरी त्याचं खातं एकच. पन्नास मालकांची मिळून एक जबाबदारी. हा कायदा सगळीकडे एकदम लागू होत नाही. एकेका व्यवसायासाठी आणि भागासाठी योजना काढावी लागते, मंडळ नेमावं लागतं, गाळेवाल्यांना नोंदणीला भाग पाडावं लागतं. म्हणजे कायदा झाल्यावर खरं काम सुरू झालं. मोर्चे, बंद, बैठका, पुन्हा बंद, आणि दर काही वर्षांनी हमालीच्या दरवाढीचा करार.

महत्त्वाकांक्षा म्हणतो ती ही. इथून सुटायची इच्छा कुणालाही असते आणि ती रास्तच आहे. पण हे काम असं बदलू की इथे राहिलेल्या माणसालाही मान असेल, म्हातारपणी हातात काहीतरी असेल, आणि ते फक्त मलाच नव्हे तर यार्डातल्या प्रत्येक नोंदलेल्या, बिल्लेवाल्या हमालाला मिळेल, असं ठरवणं हे त्याहून कितीतरी मोठं आहे.

मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई मूळचे मुंबईचे. त्यांनी मुंबईतल्या झोपडपट्टीवासीयांच्या संघटनांबरोबर काम करून २००४ साली आकांक्षा धरण्याच्या क्षमतेवर एक निबंध प्रसिद्ध केला. जगभरच्या विकासशास्त्रात त्याचा दाखला दिला जातो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आकांक्षा ही एकेकट्याच्या मनातून उगवत नाही, ती समाजात घडते आणि ती सगळ्यांना सारखी वाटलेली नसते. सुखवस्तू माणसाला इच्छेपासून फळापर्यंत जायच्या वाटा ठाऊक असतात, कारण त्यानं आणि त्याच्या आजूबाजूच्यांनी त्या अनेकदा चालून पाहिलेल्या असतात. गरिबाला इच्छा कमी नसतात. वाटा चालून पाहायची संधी कमी असते. संघटना ती संधी देते. लहान मागणी करून ती पदरात पडली, की पुढची मोठी मागणी सुचते. अप्पादुराईंनी पुण्याच्या हमालांवर लिहिलेलं नाही; पण हमाल पंचायतीची वाटचाल पाहिली, तर त्यांचा सिद्धान्त पावलागणिक खरा होताना दिसतो. आधी दर मागितला. मग वजन कमी मागितलं. मग पतसंस्था काढली, म्हणजे सावकाराकडे जायला नको. दवाखाना आला, मुलांच्या शिक्षणाची सोय आली, यार्डाजवळ हमालनगर वसलं, हमाल भवन उभं राहिलं. आणि मग एके काळी स्वतःचा दर मागणारी माणसं सगळ्या देशासाठी मागू लागली. २०१२ साली असंघटित क्षेत्रातल्या प्रत्येक वृद्धाला पेन्शन मिळावी म्हणून दिल्लीत पेन्शन परिषद भरली, तिच्या पुढाऱ्यांत सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय यांच्याबरोबर बाबा आढाव होते, आणि मागणी होती किमान वेतनाच्या निम्म्या पेन्शनची.

‘कष्टाची भाकर’ याच वाटेवरची. १९७४ साली सुरू झालेलं हे हमाल पंचायतीचं जेवणघर. दुष्काळानंतरची महागाई, गावाहून एकट्यानं आलेले पुरुष, स्टोव्हवर भात उकडून खाण्याचे दिवस. अडीच टन ओझं वाहणाऱ्या माणसाला काय आणि किती खायला लागतं, हे संघटनेच्या डॉक्टरला सांगावं लागत नव्हतं. भाकरी, झुणका, भाजी, आमटी, ठेचा. ना नफा, ना तोटा. यार्डातल्या केंद्रावर दुपारी गेलात, तर हमालाशेजारी टेम्पोचा ड्रायव्हर, त्याच्या शेजारी माल घेऊन आलेला शेतकरी, पलीकडे कॉलेजातलं पोरगं बसलेलं दिसतं. आत बायका भाकऱ्या थापत असतात. पीठ मळणं, थापणं, तव्यावर टाकून पाणी फिरवणं, उलटणं, आचेवर फुगवणं, हा क्रम इतका सलग चालतो, की एक भाकरी ताटात पडेपर्यंत दुसरी फुगलेली असते. या कामातून त्या बायकांनाही नोंदलेली मजुरी मिळाली. १९९५ साली राज्य सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर द्यायची योजना आणली. अनुदान होतं, मोक्याच्या जागा होत्या, आणि काही वर्षांत बहुतेक केंद्रांवर भाकरी सोडून बाकी सगळं विकलं जाऊ लागलं. हमालांची भाकर टिकली. ती कुणी कुणाला दिलेली नव्हती, त्यांनी स्वतःसाठी काढलेली होती. टिकण्याचं कारण मला तरी तेच दिसतं.

भुसार विभागात आणखी एक काम चालतं, ते फारसं कुणाच्या नजरेत येत नाही. ट्रकभोवती, थप्पीखाली सांडलेलं धान्य झाडून गोळा करणाऱ्या, चाळून-निवडून वेगळं करणाऱ्या बायका. त्यांच्या पाठीवर पोतं नसतं म्हणून त्या हमाल नाहीत, आणि हमाल नाहीत म्हणून माथाडीच्या हिशेबात त्यांची गणना अवघड. महत्त्वाकांक्षेचा इतिहास सांगताना त्यातली ही उणीव मला सलते.

यार्डात ‘उमेदवार’ शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येतात ते बाजार समितीच्या निवडणुकीत. पुण्याच्या समितीवर जवळपास दोन दशकं निवडून आलेलं मंडळ नव्हतं, सरकारनं नेमलेले प्रशासक कारभार पाहत होते. एप्रिल २०२३मध्ये पुन्हा मतदान झालं. अठरा संचालक. त्यांतले अकरा विकास सोसायट्यांतून, चार ग्रामपंचायतींतून, दोन व्यापारी-आडत्यांतून आणि एक हमाल-मापाड्यांतून. अठरांत एक. ही जागा लहान वाटेल. पण ज्या बाजारात हमालाला गाळ्याच्या ओट्यावर बसायची सोय नव्हती, तिथल्या कारभारात त्याची एक खुर्ची कायद्यानं राखलेली आहे आणि तिच्यासाठी अर्ज भरणारा माणूस पाठीवर पोतं घेतलेला असतो. ‘भावी’वाल्या फ्लेक्सच्या गर्दीत या उमेदवाराकडे मी जास्त आदरानं पाहतो.

सगळं नीट चाललं आहे असं मात्र कुणी समजू नये. ‘माथाडी’ या नावाला पुण्याभोवतीच्या औद्योगिक पट्ट्यात डाग लागला आहे. पोतं कधी न उचललेली माणसं माथाडीच्या नावानं कारखान्यांच्या फाटकावर उभी राहतात, माल उतरवू देत नाहीत आणि खंडणी मागतात. पोलिसांत गुन्हे दाखल होतात, वर्तमानपत्रात मथळे येतात आणि खऱ्या हमालाची मान खाली जाते. २०२३च्या अखेरीस कायद्यात बदल करणारं विधेयक आलं, तेव्हा सरकारनं या खंडणीखोरीकडे बोट दाखवलं. संघटनांचं म्हणणं पडलं की चोर पकडायला घर पाडू नका. मला संघटनांचं म्हणणं पटतं. खंडणी हा फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला कायदे आहेत. त्यासाठी मंडळाची चौकटच सैल केली, तर नुकसान होईल ते नोंदलेल्या हमालाचं.

दुसरं संकट शांतपणे आलं आहे. २०१६ साली राज्यानं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. शेतकऱ्याला माल कुठेही विकता यावा, हा हेतू चांगला. पण यार्डाबाहेर उतरलेल्या मालावर यार्डातल्या हमालाचा हक्क राहत नाही. शहराच्या कडेला मोठमोठी गोदामं झाली. तिथे तेच ओझं आहे, ते उचलणारी पोरं आहेत, कदाचित याच हमालांच्या भाऊबंदांतली. ती कंत्राटदाराकडे कामाला असतात आणि त्यांचं कुठल्याही मंडळात नाव नसतं. तिथून पिशव्या दुचाकीवर जातात. पाठीवर चौकोनी बॅग घेतलेला मुलगा मोबाइलवर सकाळी एका कंपनीचं काम घेतो, संध्याकाळी दुसरीचं. कंपनी म्हणते, हा आमचा नोकर नाही, भागीदार आहे. त्याचा मालक कोण, हा प्रश्न पुन्हा तिथेच येऊन उभा राहिला, जिथे तो नाना पेठेत उभा होता.

आणि उत्तरही तिथूनच उचललं गेलं. जुलै २०२३मध्ये राजस्थान विधानसभेनं ॲपवरून काम घेणाऱ्या कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला. कल्याण मंडळ, त्यात सरकार, कंपन्या आणि कामगार. प्रत्येक व्यवहारामागे कंपनीनं भरायची वर्गणी. कामगाराची एकच नोंद, मग तो कितीही कंपन्यांसाठी राबो. ज्यांनी त्या कायद्याचा आग्रह धरला, त्यांच्यापुढे नमुना होता महाराष्ट्राच्या माथाडी मंडळाचा. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत भरायची तरतूद आली. माथाडी कायद्याच्या धर्तीवर महाराष्ट्रानं १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांसाठी मंडळं काढली होती. ॲपवरच्या पोरांसाठी असं मंडळ पुण्यात अजून बसलेलं नाही. मार्केट यार्डात हमाल भवन आहे, करार कसा करायचा, लेव्ही कशी वसूल करायची, बिल्ला कुणाला द्यायचा, हे पन्नास वर्षं करत आलेली माणसं तिथे आहेत, आणि पाठीवर चौकोनी बॅग घेतलेली पोरं दिवसातून दहा वेळा त्या रस्त्यानं जातात.